इंझोरीचा गठ्ठा

पेपरच्या ऑफिसातून विकाससाहेबांचा फोन आला, तेव्हा भाऊसिंग दारात सायकल उलटी घालून चेन बसवत होता. दोन्ही हात वंगणानं काळे. चंदाबाईनं फोन त्याच्या कानाला लावून धरला आणि आपलाही कान तिथंच आणला.

"भाऊसिंग, एक तारखेपासून पंचवीस अंकांच्या खाली गठ्ठा उतरवायचा नाही, असं वरून आलंय. इंझोरीचे किती?"

"एकोणीस, साहेब."

"मग सहा वाढवा. नाही वाढले तर गाडी न थांबता पुढं जाईल. माझ्या हातात काही नाही, बाबा."

"वाढवतो ना साहेब."

असं म्हणाला, जसे काही सहा वाचक कणगीत भरूनच ठेवले होते. फोन बंद झाला आणि चंदाबाई म्हणाली, "कोठून वाढवसान?"

"गाव काय लहान हाये?"

"गाव मोठं हाये, वो. पेपर कोण वाचते?"

"तू चूप राय," भाऊसिंग म्हणाला आणि चेनमध्ये बोट चेमटून घेतलं.

एकोणतीस वर्षं झाली होती या माणसाला पेपर वाटता वाटता. पहाटे साडेचारला इंझोरीच्या स्टँडवर जाऊन उभं राहायचं. अकोल्याहून गाडी यायची, धड थांबायचीही नाही, आतला माणूस गठ्ठा भिरकावून द्यायचा. सुतळी तोडून पुरवण्या आत घालायच्या, पिशवीत भरायच्या, आणि गाव, मग वस्त्या, मग तांडा. एके काळी एकशेचाळीस अंक. दहावीच्या निकालाच्या दिवशी तीनशे! तेव्हा निकाल पेपरात नंबरानं छापून यायचा आणि पोरांचे बाप पहाटेपासून स्टँडवर बसलेले असायचे. गठ्ठा खाली पडायच्या आत लोक भाऊसिंगवर पडायचे. एकदा तर त्याचा शर्ट बाहीपासून फाटला होता. तो फाटका शर्ट त्यानं पुढं कितीतरी दिवस मोठ्या मानानं घातला, कोणी विचारलं की सांगायला बरं.

शिवाय तो पेपरचा वार्ताहर. पगार नाही, एक ओळखपत्र. गावात बैल वीज पडून मेला, शाळेचे पत्रे उडाले, की भाऊसिंगची चार ओळींची बातमी. आणि माणूस मेला की फोटोसहित बातमी. ती त्याची खास. त्या दिवशी मयताचे सोयरेधायरे चार-चार अंक मागून न्यायचे, कापून काचेत लावायचे. आजही इंझोरीत कितीतरी घरांत, देवाच्या बाजूला, भाऊसिंगनं लिहिलेला मजकूर टांगलेला आहे.

तर सहा वाचक शोधायला तो निघाला.

नवमीच्या यात्रेला पोहरादेवीला पन्नास अंक जास्तीचे मागवून गेला. ऊन असं की चपलेतून पाय भाजत होते. गर्दी काय विचारता! पण पेपर घेतला चौघांनी. दोघांनी अंथरून त्यावर लेकरं बसवली, एकानं टोपी केली. चौथ्यानं हातात धरला तेव्हा भाऊसिंगला वाटलं, हा वाचणारा. त्यानं घडी केली आणि बायकोला वारा घालायला दिला.

मग रऊफच्या हॉटेलात. या हॉटेलात पूर्वी एका पेपरचे सहा तुकडे व्हायचे, एकेक पान एकेकाच्या हातात, आणि "तुयं झालं काय, इकडं दे" यावरून भांडणं व्हायची. रऊफ कढईपुढं बसला होता. पाठीमागे बाकावर पाच जण, पाचही माना मोबाईलमध्ये.

"रऊफभाई, अजून एक अंक वाढवा ना. बाहेरच्या बाकासाठी."

"भाऊसिंग, दोस्ताना अपनी जगह है," रऊफ म्हणाला. "पण मले नवा पेपर नको, जुना दे. रद्दी. वडे ठेवाले. बंदी आहे म्हणते त्याले बी, पण चालते."

बाकावरचा एक जण मान वर न करता हसला. भाऊसिंगही हसला. दुसरं काय करणार!

आठ दिवस असंच. गुडघा दुखायचा म्हणून चढ आला की सायकल हातात धरून चालायचा. कोणी म्हणालं, मोबाईलवर फुकट येते. कोणी म्हणालं, चष्मा फुटला. एकानं तर म्हटलं, "लावतो, पण पहिल्या तारखेपासून नाही, दिवाळीनंतर." एकोणीसचे वीस काही होईनात.

त्यात लखीराम नाईकानं अंथरूण धरलं.

इंझोरीपासून दीड कोसावर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला हा म्हातारा नाईक, म्हणजे प्रमुख. भाऊसिंगच्याच जातगंगेतला, नात्यानं लांबचा काका. शाळा पाहिली नव्हती. पेपरातल्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून ठेवून चाळिशीत वाचायला शिकला. आता नव्वदीच्या घरात. मोठं भिंग घेऊन पहिल्या पानाच्या नावापासून शेवटच्या पानाखाली छापलेल्या मालकाच्या नावापर्यंत सगळं वाचायचा. जाहिराती बी. भाऊसिंगला यायला उशीर झाला, तर तांड्याच्या तोंडाशी काठी टेकून उभा. एक तारखेचं आणि पंचवीस अंकांचं भाऊसिंगनं आधी त्यालाच सांगितलं होतं.

वाशीमच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं होतं. आणून दोन दिवस झाले, म्हाताऱ्याला खाटेवरून खाली घेतला, घोंगडीवर. तोंडात पाणी टिकेना. अंगणात लिंबाखाली माणसं बसलेली. लखीरामचा मुलगा राजपाल ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम. नुकताच कारखान्यावरून परतला होता. सतत फोन चालू. भाऊसिंगला पाहून तो जवळ आला.

"भाऊसिंगभौ, बाबाची बातमी चांगली मोठी आली पाह्यजे हं. फोटोसंगट. कारखान्यावरचे लोकं पाह्यतीन."

"येईन ना. त्याची काळजी नको." आणि मग, म्हातारा पाच हातांवर दारातच धापा टाकत होता तेव्हा, भाऊसिंगच्या तोंडून निघून गेलं, "राजपाल, लोकं बापाच्या नावानं भांडे वाटते, वह्या वाटते. तू पेपर लाव ना. सहा घरी, सालभर. काकाले पेपरचं लय येड होतं."

होतं म्हणाला. माणूस जिवंत आहे आणि हा होतं म्हणाला! राजपालच्या ते लक्षातही आलं नाही.

"लावू ना. सहा काय, दहा लावू."

भाऊसिंगच्या छातीवरचा धोंडा उतरला. पंचवीस झाले. गठ्ठा वाचला. त्या क्षणी त्याला राजपालच्या पाया पडावंसं वाटलं, हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा तांड्यावर निघाला. बातमी पाच वाजेपर्यंत गेली तर उद्याच्या अंकात, नाही तर परवा. साडेचार होत आले होते. तांड्याच्या अलीकडच्या नाल्यापाशी आला आणि लखीरामच्या घरातून बायकांचा एकदम हेल काढून रडण्याचा आवाज उठला. एकीचा, मग दुसरीचा, मग साऱ्यांचा.

भाऊसिंगनं सायकल तिथूनच वळवली.

आता ऐका. बंजाऱ्यांच्या बायका पुष्कळ दिवसांनी एकमेकींना भेटल्या की गळ्यात पडून, सूर लावून रडतात. लेक सासरहून आली तरी रडतात, आनंद असला तरी रडतात. भाऊसिंगनं हे आईच्या कडेवर असल्यापासून ऐकलेलं. भेटीचं रडणं कोणतं आणि मौतीचं कोणतं, झोपेत सांगितलं असतं त्यानं. लखीरामची मोठी लेक पुसदकडून आली होती, तिची ती भेट होती. पण त्या दिवशी भाऊसिंगच्या कानाला जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं. माणसाचे कान बी मोठे लबाड असतात.

पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावरच तेवढी रेंज. धापा टाकत तिथं चढला आणि अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत त्यानं बातमी लिहिली. 'इंझोरी येथून जवळच असलेल्या तांड्याचे नाईक, ज्येष्ठ नागरिक लखीराम यांचे वृद्धापकाळाने निधन झाले.' पुढं पश्चात मुलगा, तीन मुली, नातवंडं. आणि शेवटी आपल्या मनानं एक ओळ घातली: 'ते या पेपरचे नित्य वाचक होते.' ही ओळ लिहिताना त्याचे डोळे भरून आले. पाचला पाच मिनिटं कमी असताना मोबाईलमधल्या जुन्या फोटोसहित बातमी गेली. तीस अंक जास्तीचे टाका म्हणून विकाससाहेबांना सांगितलं.

"बघा, वाढतात की नाही," साहेब म्हणाले.

पहाटे गठ्ठा पडला तो धपकन वाजला. किती दिवसांनी एवढं वजन हातात आलं होतं! सहाव्या पानावर फोटो ठसठशीत, पागोट्याचा पीळसुद्धा दिसत होता. इंझोरीतले अठरा अंक त्यानं घरोघर टाकले. प्रत्येक दारात वाटलं, थांबून सांगावं, सहावं पान पाहा. पण आजची बातमी आपली आपण बोलेल म्हणून थांबला नाही. उरलेला गठ्ठा कॅरिअरला बांधून तांड्यावर गेला.

लखीराम भिंतीला टेकून बसला होता.

लेक त्याला वाटीतून ज्वारीची पेज पाजत होती. हनुवटीवरून ओघळ आलेला, तो ती पदरानं पुसत होती. "काल मी आली, पाय धरून रडली, तं बाबानं डोळे उघडले," ती आल्यागेल्याला सांगत होती. "म्हणे, भूक लागली."

आणि भाऊसिंगच्या मनात पहिल्यांदा काय आलं? हा बुढा काहून उठून बसला! हेच आलं. पहिल्यांदा हेच. लाज मागून आली.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. "पेपर?"

"आज... आज गाडी नाही आली, काका."

एकोणतीस वर्षांत त्यानं लखीरामला पहिल्यांदा खोटं सांगितलं. कॅरिअरवरच्या गठ्ठ्यावर दुपट्टा टाकून तो जो निघाला, तो नाल्यावरच्या मोरीपाशी थांबला. गठ्ठा मोरीच्या नळकांड्यात कोंबला. मग आठवलं, अठरा घरी अंक पडलेत! आता गावात बोंब झाली असेल. कोणी हार घेऊन तांड्याकडे निघालं असेल. राजपाल मुकादम माणूस, चार टोळ्या हाताखाली. जित्त्या बापाला मारला म्हटल्यावर सोडतो काय? भाऊसिंगनं पायडल असं मारलं की दुखरा गुडघा कटकन वाजला.

पहिलं घर सरपंच योगिनीताईंचं. त्या अंगणात सडा टाकत होत्या.

"ताई, आजचा अंक परत द्या. छपाई चुकली. बदलून देतो."

"कोणता अंक? हो, तो. तिथं असेल पहा, खिडकीत."

खिडकीत आजचा अंक होता. त्यानं फेकताना घातली होती त्याच घडीत. त्याच्याखाली कालचा, तसाच. परवाचा, तसाच. भाऊसिंगनं हात घालून पाहिला, आठ-दहा दिवसांचे अंक एकावर एक, घडी न मोडलेले. काहींच्या आत पुरवण्या त्यानं सरकवलेल्या तशाच्या तशा.

"बदलून कायले देता, राहू द्या," योगिनीताई म्हणाल्या. स्वभावानं चांगली बाई. "तुमी एवढ्या पहाटे सायकलीवर येता, म्हणून चालू ठेवला आम्ही. नाही तर यायनं कवाच बंद करा म्हटलं होतं."

यायनं म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं. भाऊसिंग "हो" म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

शाळेत शिपायानं अंक घंटेच्या खुंटीला अडकवला होता, तसाच. सोसायटीच्या गोडाऊनला कुलूप, दारात अंक पडलेला, त्यावर शेळीच्या खुराचा ठसा. डॉक्टरच्या दवाखान्यात आजच्या अंकावर कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या. तिथं त्यानं फोडी एका ताटात काढल्या, अंक उचलला, कोणी काही विचारलं नाही. रिटायर मास्तरांनी म्हटलं, "मोतीबिंदू आहे, मी नुसता कोडं पाहतो." कोडं चौथ्या पानावर. रऊफच्या हॉटेलात सहावं पान वड्यांच्या परातीत होतं. लखीरामच्या फोटोवर तेल उतरून फोटो पलीकडून दिसत होता.

"रऊफभाई, वाचला काय आजचा?"

"फुरसत कोणाले आहे, भाऊ? काहून? काही खास आहे काय?"

"नाही. खास काही नाही."

बाकावर तेच पाच जण. तांड्यावरचाच एक पोरगा त्यात होता. त्यानं मान वर केली, म्हणाला, "भाऊसिंगकाका, आमचे नाईकबाबा चांगले झाले म्हणते. ग्रुपवर व्हिडिओ आला, पेज पिऊन राह्यले." आणि फोन पुढं केला. लखीराम पेज पीत होता. खाली पन्नास जणांनी हात जोडले होते.

बाराच्या ठोक्याला अठराच्या अठरा अंक भाऊसिंगच्या पिशवीत होते. गावातून फिरताना तो मुद्दाम हळू चालला. कोणीतरी हाक मारील, कोणीतरी गचांडी धरील, म्हणेल, अरे ए, काय छापलं तू! सकाळी ज्याची भीती होती, त्याची आता तो वाट पाहत होता. कोणी नाही. एकानं विचारलं ते एवढंच, "चेन पडली काय?"

घरी त्यानं अंक खाटेवर ओतले. चंदाबाईला सगळं सांगितलं. ती आधी तोंडाला पदर लावून हसली. "अरे बाप्पा! जित्त्या माणसाले! देवानं लाज राखली तुमची, कोणी पाह्यलंच नाही."

"हो ना."

"मंग तोंड कायले पाडलं?"

भाकर समोर होती, ती त्यानं मोडली नाही. मग चंदाबाईचं हसू गेलं, आणि तिनं खाटेवरचे अंक एकेक उचलून, कडेला कड लावून, नीट रचून ठेवले.

उन्हं उतरल्यावर त्यानं त्यातला एक स्वच्छ अंक काढला आणि तांड्याकडे निघाला. अठरा जणांची भीती नव्हती. पण एक जण रोजच्या सारखा वाट पाहत असणार होता, आणि त्याला खोटं सांगितलेलं होतं.

लखीराम अंगणात खाटेवर होता. राजपाल कुठंतरी बाहेर गेलेला. भाऊसिंग खाटेच्या पायाशी जमिनीवर बसला.

"काका, माह्या हातून लय मोठी चूक झाली. मारा मले." आणि त्यानं सहावं पान उघडून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

लखीरामनं उशाचं भिंग काढलं. फोटो पाहिला, मग ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं, पुन्हा मागं गेलं, पुन्हा तिथंच आलं. मग तो खुदखुदला. छातीत कफ होता, तो वाजला.

"नित्य वाचक. चांगलं लिवलं लेका." आणि उत्सुकतेनं पुढं झुकला. "मंग? गावात लोकं काय म्हणले?"

भाऊसिंगला सांगता आलं असतं. लोकं रडले, रऊफनं हॉटेल बंद ठेवलं, सरपंचबाई हळहळल्या. तोंडापर्यंत आलं होतं. पण सकाळचं एक खोटं घशात अडकून होतं, त्यावर दुसरं चढेना.

"काका, कोणी वाचलंच नाही."

"कोणीच?"

"अठरा घरी टाकला होता. अठराचे अठरा घडीसुद्धा... नाही वाचला कोणी."

मेल्याची बातमी वाचून जो हसला होता, त्याचं तोंड आता उतरलं. मग हळूच म्हणाला, "तुयं नुकसान केलं म्या."

"तुमी काय केलं?"

"राजपाल सहा घरी पेपर लावणार होता ना? म्या खाली घोंगडीवर पडलो होतो, बोलता येत नव्हतं. पण ऐकू येत होतं." तो म्हणाला, त्यात राग नव्हता. "एक तारखेच्या आत गेलो असतो तं तुयं काम झालं असतं. नाही जमलं, बाप्पा."

भाऊसिंगनं खाटेच्या काठावर कपाळ टेकलं आणि तो रडायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, लेकरासारखा हुंदके देऊन. आतून लेक धावत आली, म्हाताऱ्यानं तिला हातानंच परत जा म्हटलं. त्याच हातानं भाऊसिंगच्या डोक्यावरून फिरवलं.

"रडू नको. आता म्या सांगतो राजपालले. बाप मेल्यावर लावणार होता, तो बाप असताना लाव म्हणतो. सहाच्या सहा. माहं ऐकते तो. कर फोन तुया साहेबाले, म्हण पंचवीस झाले."

झालं! हवं होतं ते समोर आलं होतं. हो म्हणायचं, टाकीजवळ जाऊन फोन करायचा, आणि गाडी एक तारखेलाही थांबणार होती. भाऊसिंगनं नाक पुसलं. त्याच्या डोळ्यांपुढं योगिनीताईंची खिडकी आली.

"कोणाच्या घरी टाकू, काका?"

"कोणाच्याही टाक ना. तांड्यात टाक, वस्तीवर टाक."

"टाकाले घरं लय हायेत," भाऊसिंग म्हणाला. "म्या पहाटे उठून टाकीन, थे खिडकीत ठेवतीन. राजपालच्या कष्टाचा पैसा अन् माहे गुडघे. नाही काका. आज सारं गाव फिरून पाह्यलं म्या. राहू द्या आता. येऊ द्या एक तारीख."

लखीरामनं मान हलवली. समजलं त्याला. आणि मग, सगळं समजल्यावर, त्यानं अगदी साधं विचारलं, "मंग मले कोण आणून देईन?"

भाऊसिंगनं तोंड उघडलं. मोबाईलवर येते काका, असं आठ दिवस गावानं त्याला सांगितलं होतं, तेवढंच उत्तर जिभेवर होतं. ते त्यानं गिळलं. इंझोरीला गठ्ठा उतरला नाही तर दीड कोसावरच्या तांड्यात एका म्हाताऱ्यासाठी एक अंक आणायला जगात कोणी नव्हतं. शेजारच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं लखीरामनं पेपर पुन्हा पहिल्या पानापासून घडी करून घेतला. उजेड अजून तासभर होता. एक तारखेला सहा दिवस उरले होते. त्यानं भिंग पुसलं, पेपरच्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर पुरवून पुरवून वाचायला लागला.